राशीवरचा दगड

बाटलीवर तिचा फोटो आहे. डोक्याला काळी ओढणी, तोंडभर सुरकुत्या आणि बारीक केलेले डोळे. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारी किती गोड हसते आहे! हसत-बिसत नव्हती ती. फोटो काढणाऱ्यानं तिला उन्हाकडे तोंड करून बसवलं होतं आणि ती ओठ न हलवता मला विचारत होती, "रकूश, ह्याचं आटपणार कधी? माझ्या शेळ्या खोळंबल्यात." मी तिच्या शेजारीच बसले होते. फोटोत माझं कोपर आलं होतं, ते नंतर कापून टाकलं.

ती म्हणजे आमच्या तिफराद गावची लल्ला इज्जा. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला लल्ला म्हणतात, पण तोंडानं म्हणणं वेगळं आणि मनातून म्हणणं वेगळं. तिला सगळे मनातून म्हणत. तशी ती काही साधुसंत नव्हती. तिखट होती. माझी कोंबडी तिच्या अंगणात गेली तर कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मग त्याच कोंबडीला दाणे टाकायची. चहात साखर इतकी, की ओठाला ओठ चिकटावा. आम्ही दोघी तिच्या ओसरीवर बसून जन्मभर अर्गनच्या बिया फोडल्या. मांडीशी सपाट दगड, हातात गोल दगड, बी उभी धरायची आणि नेमकी शिवणीवर ठोकायची. चुकलं तर अंगठा. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं.

आमच्या गावात पुरुष म्हणजे सणाला दिसणारी वस्तू. सगळे कासाब्लांकाला, किराणा दुकानांत. तिचा नवरा बिहीसुद्धा तिथेच गेला. लग्नानंतर दोनदा घरी आला आणि तिसऱ्या वेळी त्याचं घोंगडं नि तराजू आला. मूलबाळ नव्हतं. मग बहीण वारली आणि बहिणीची तूदा हिच्या पदरात आली. नाकाला शेंबूड आणि तोंडात प्रश्न, अशी ती पोर आली. पहिल्याच दिवशी तिनं इज्जाला विचारलं, "तुला मी आई म्हणू की मावशी?" इज्जा म्हणाली, "तुझ्या जिभेला जे सोपं पडेल ते म्हण." ती इम्मी म्हणायला लागली. आमच्या भाषेत इम्मी म्हणजे आई. त्या दिवशी इज्जा मागच्या परसात जाऊन बराच वेळ उगीचच सरपण रचत होती. मी बघितलं होतं.

आमचं पोट अर्गनच्या झाडांवर. काटेरी, वेडंवाकडं झाड, दिसायला काही नाही. पण त्याच्या बीतला गर भाजून जात्यावर दळला, कोमट पाणी शिंपडून मळला की तेल सुटतं, आणि त्या तेलासाठी आता समुद्रापलीकडचे लोक वेडे झालेत. उन्हाळा लागला की आमच्या राईवर बंदी पडते. अग्दाल म्हणतो आम्ही. शेळ्या आत न्यायच्या नाहीत, फळ उचलायचं नाही आणि झाडाला काठी तर लावायचीच नाही. झाडं ज्याची त्याला वाटून दिलेली आहेत, पणजोबांच्या काळापासून. पण बंदीत स्वतःच्या झाडाखालीसुद्धा कुणी जात नाही. कारण साधं आहे. यंदाचं फळ पिकत असतं तेव्हाच पुढच्या सालाचा कळा त्याच्या शेजारी धरलेला असतो, आणि काठीला दोन्ही सारखेच. फळ आपोआप पडू द्यायचं, मग वेचायचं.

बंदी उठली की बायका आत शिरतात. आपापल्या झाडाखालचं फळ गोळा करून रास घालायची आणि राशीवर एक दगड ठेवायचा. झालं. गाढव मोकळं होईल तेव्हा येऊन रास न्यायची. तोवर ती कुणाची आहे, कुणी ठेवली, काही लिहिलेलं नसतं. पण दगड आहे म्हणजे ती कुणाची तरी आहे. पहारेकरी नाही, कुंपण नाही. भुकेलं माणूससुद्धा त्या राशीला वळसा घालून जातं. माझी सासू सांगायची, तिच्या लहानपणी दुष्काळात लोकांनी कंद उकडून खाल्ले, पण दगडाखालचं फळ हललं नाही.

बंदी कधी उठवायची हे खरं तर गावच्या पंचांनी ठरवायचं. पण पंच कासाब्लांकात साबण विकत होते. म्हणून गावचा कारभार बघणारा मुकद्दम हळूच इज्जाच्या दाराशी यायचा. "लल्ला इज्जा, उघडायची का?" ती चपला काढून राईत जायची, तिच्या सगळ्यात जुन्या झाडाखाली अनवाणी फिरायची, पायाखालचं फळ किती वाळलंय ते बघायची. "अजून नाही," म्हणाली तर नाही. "उघडा," म्हणाली की मुकद्दम मशिदीच्या गच्चीवर चढून असा ओरडायचा, जसं काही त्यालाच आकाशातून कळलं. आम्ही बायका खाली तोंडाला पदर लावून हसायचो.

तूदा ह्यातच वाढली. हात चपळ होते, पण डोकं हाताच्या पुढे धावायचं. लग्न हमादशी झालं. त्याचंही दुकान कासाब्लांकातच. ही हट्टानं त्याच्याबरोबर गेली, गल्ल्यावर बसायला शिकली. पुढे हमाद छातीच्या दुखण्यानं गेला आणि ही परत आली. हमादच्या वाटणीची झाडं तिच्या नावावर झाली. दुःख करायला तिला फार वेळ नव्हता. विधवेनं पाळायची इद्दत संपली, सुतकाचे पांढरे कपडे उतरवले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

"आपण येड्या आहोत," म्हणाली.

"तू नवीन काय सांगितलंस?" इज्जा बी फोडता फोडता म्हणाली.

"थट्टा नाही, इम्मी. शहरात आपल्या तेलाला काय भाव आहे बघून आले मी. तो दलाल आपल्याला उल्लू बनवतोय. साखरेच्या पुड्यावर तेल नेतोय मेला!"

दलाल आला तेव्हा तूदानं त्याला चहा पाजला, रोटी खाऊ घातली आणि मग त्याची रिकामी पिंपं उचलून त्याच्याच गाढवावर लादली. "काका, तुमची पिंपं फार जड दिसतात. रिकामीच बरी," म्हणाली. त्या दिवशी आम्ही जे हसलो! मग तिनं गावच्या बायका जमवल्या. इज्जाच्या अंगणात सगळ्या मिळून बिया फोडायच्या, तिथेच तेल काढायचं, आणि तूदा ते शहरात नेऊन विकणार.

ती वर्षं सोन्याची होती, हे मी आजही म्हणेन. तिच्याबद्दल मला कितीही राग असला तरी तिचं मीठ मी विसरलेली नाही. माझ्या घराचं छप्पर त्या तेलातून झालं. माझ्या सुनेचं बाळंतपण शहरातल्या दवाखान्यात झालं, नाहीतर ती पोर हातची गेली असती. आणि तूदा तेव्हा किती कडक होती! आमच्यातल्याच एकीनं डब्यात सूर्यफुलाचं तेल मिसळलं. तूदानं बोट बुडवून चाटलं आणि अख्खा डबा चुलीच्या राखेत ओतला. मग म्हणाली, "बाटलीवर माझ्या इम्मीचं तोंड आहे. तिच्या तोंडाला जी काळं फासेल, तिचं तोंड मी बघणार नाही." इज्जा कोपऱ्यात बसली होती. तिनं मान खाली घातली, पण कान लाल झालेले मला दिसले. पोटच्या पोरीनं तरी आणखी काय करायचं असतं?

बाटलीवर फोटोखाली लिहिलं होतं की हे तेल आपोआप पडलेल्या फळाचं आहे, झाडाला आम्ही काठी लावत नाही. लोक म्हणे ते वाचूनच जास्त पैसे देत.

धंदा वाढला. रस्त्याच्या कडेला मोठी इमारत झाली, बिया फोडायला यंत्र आलं, आजूबाजूच्या गावांतल्या बायका कामाला येऊ लागल्या. तूदानं आगादीरला कचेरी घेतली, गाडी घेतली. पण शुक्रवार चुकवायची नाही. दर शुक्रवारी मटण घेऊन यायची, इज्जाच्या हातचं कुसकुस खायची आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. एवढी मोठी बाई, हातात दोन-दोन फोन, आणि इज्जा तिच्या केसांतून बोटं फिरवत म्हणायची, "ह्यात उवा झाल्या नाहीत ना गं शहराच्या?"

मग पावसानं पाठ फिरवली. एक साल गेलं, दुसरं गेलं. झाडं तग धरून होती, पण फळ कमी. आणि नेमक्या त्याच वेळी तूदानं समुद्रापलीकडच्या कुणा बड्या व्यापाऱ्याची मागणी घेतली. एवढं तेल आमची सगळी राई पिळली तरी निघालं नसतं. नाही म्हणाली असती तर ती मागणी आगादीरच्या दुसऱ्या कारखान्याला गेली असती. तिनं हो म्हटलं.

ट्रकनं बाहेरची पोती येऊ लागली. मी निवडायला बसले होते. फळ हातात घेतलं आणि थबकले. देठ हिरवे, मधेमधे पानं, काटक्या, आणि बारीक बारीक कळे. पडलेल्या फळाला देठ नसतो. मी मूठभर उचलून तूदाकडे गेले.

"हे झोडपलेलं आहे."

"विकत घेतलंय, लल्ला रकूश."

"विकत घेतलं म्हणून झोडपलेलं न झोडपलेलं होतं का?"

"विकणाऱ्यानं कसं काढलं ते मी कशाला विचारू? तुम्ही बाजारातून अंडी आणता तेव्हा कोंबडीची चौकशी करता?" असं म्हणून ती हसली, आणि मला पूर्वीची ती शेंबडी पोर दिसली. म्हणून मीही पुढे बोलले नाही. एका वर्षापुरतं आहे, पाऊस पडला की सरळ होईल, अशी मनाची समजूत घातली. सगळ्यांनीच घातली असावी.

बाहेरचंही पुरेना. बंदी चालू होती, फळ नुकतं पिवळं व्हायला लागलं होतं. त्या शुक्रवारी तूदा आली ती मटण न घेताच आली. मी तिथेच होते. इज्जानं रोटी पुढे ठेवली, बदाम, मध नि आमचं तेल वाटून केलेलं अमलू वाटीत घातलं. तूदानं घासही मोडला नाही.

"इम्मी, मुकद्दमला सांग, ह्या आठवड्यात उघडायची."

"अजून फळ झाडावर आहे."

"ते मी बघते."

"काय बघतेस? फळ तुझ्या गाडीचा आवाज ऐकून खाली उतरणार आहे?"

"इम्मी, हसू नकोस. माल गेला नाही तर सगळं जाईल. इमारतीचं कर्ज आहे. एवढ्या बायकांचे संसार आहेत माझ्यावर. लल्ला रकूशचाही आहे. तुझा फक्त एक शब्द हवाय."

इज्जानं पेल्यात चहा ओतला, परत किटलीत ओतला, परत पेल्यात. आम्ही चहा असाच करतो, पण तिनं ते त्या दिवशी फार वेळा केलं. मग म्हणाली, "माझ्याकडे दुसरं आहे काय, पोरी? शेत नाही, नवरा नाही, पोटचं पोर नाही. माझ्या शब्दावर गाव राईबाहेर थांबतं, एवढीच माझी मिळकत. ती तुला देऊन टाकली तर उद्या मी कुणाला थांबवू?"

"कुणाला थांबवायची गरजच काय? ज्याचं त्याचं झाड आहे."

"कारखाना बंद पडला तर माझ्या घरी ये. दोघींना पुरेल एवढं आहे. बिया फोडता येतात ना अजून?"

तूदा उठली. दाराशी जाऊन वळली. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. "तुला कळत नाही, इम्मी. मी परत ह्या ओसरीवर बसू शकत नाही," म्हणाली आणि गेली. अमलूची वाटी तशीच राहिली. इज्जानं ती झाकून ठेवली आणि शेळ्यांना पाणी पाजायला गेली.

त्यानंतर एके सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा टेकडीपलीकडून आवाज आला. सटक, सटक, सटक. आधी मला वाटलं कुणी घोंगड्या झटकतंय. मग बाहेर आले तर इज्जा अंगणात उभी. ओढणी सुटलेली, हातात कोंबड्यांच्या दाण्याचं सूप. तिनं सूप खाली ठेवलं आणि चालायला लागली. मी मागोमाग. म्हातारीच्या मागे मला पळावं लागलं.

हमादच्या वाटणीच्या झाडांवर परगावचे गडी चढले होते. खाली कापड अंथरलेलं, हातांत लांब काठ्या. हिरवं, पिवळं, पानं, कळे सगळं एकदम पडत होतं. तूदा गाडीला टेकून उभी होती.

"खाली उतरा!" इज्जा ओरडली. गडी थांबले आणि तूदाकडे बघायला लागले.

तूदा पुढे आली. हळू आवाजात म्हणाली, "इम्मी, घरी जा. माझीच झाडं आहेत. कुणाच्या फळाला मी हात लावलेला नाही. माझ्या झाडांचं मी काहीही करीन."

"तुझीच आहेत. पण बंदी सगळ्यांची आहे."

"बंदी कागदावर आहे कुठे?"

कागदावर खरंच नव्हती. इज्जा झाडाखालीच उभी राहिली. तूदानं गड्यांना हातानं खूण केली आणि काठ्या पुन्हा चालू झाल्या. एक कळ्यांची डहाळी इज्जाच्या खांद्यावर पडली. तिनं ती झटकलीसुद्धा नाही.

पुढे जे झालं त्यासाठी तूदाला आणखी काही करावंच लागलं नाही. एकानं बंदी मोडली की दुसऱ्याचा धीर सुटतो. आज तिच्या झाडांवर गडी चढले, उद्या चुकून माझ्या झाडावर चढले तर? त्यापेक्षा आपणच काढून घेऊ. संध्याकाळपर्यंत मुकद्दमच्या घरच्या बायका काठ्या घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशी सगळी राई वाजत होती. आमच्या घरातूनही काठी निघाली. माझी सून निघाली, जिला मी पोरीसारखी सांभाळली. मी दारात आडवी झाले तर म्हणाली, "आत्या, सगळे नेतायत. आपण काय बघत बसायचं?" माझ्या हाताखालून वाकून गेली.

इज्जा झाडाझाडाखाली जाऊन सांगत होती. कुणाला शिव्या, कुणाला विनवण्या. "अगं, पुढच्या सालाचं पाडतेयस गं! तुझ्या नातवाच्या ताटातलं पाडतेयस!" बायका मान खाली घालून झोडपत होत्या. कुणी थांबलं नाही. शेवटी तिचा आवाज बसला. मग ती आपल्या जुन्या झाडाला पाठ लावून बसून राहिली. तिच्या झाडांना मात्र कुणी हात लावला नाही. अजून तेवढी लाज होती.

फळ पिकून आपोआप पडायला लागलं तेव्हा अख्ख्या राईत फक्त तिच्या झाडांखाली ते पडलं. बाकी सगळीकडे मोडक्या डहाळ्या. मुकद्दम तिच्या दाराशी विचारायला आला नाही, येऊन विचारणार तरी काय होता? ती आपली आपणच चपला काढून गेली, अनवाणी फिरली, आणि स्वतःलाच म्हणाली, "उघडा." मला हे ऐकून रडू आलं. तिनं मला दटावलं, "रडतेस काय? वेचायला लाग." आम्ही दोघींनी मिळून वेचलं. रास घातली. तिनं आजूबाजूला बघून एक चपटा दगड शोधला, फुंकर मारून माती उडवली आणि राशीवर ठेवला. बिस्मिल्ला म्हणाली. माझी गाढवी लंगडत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर रास नव्हती.

मी शिव्यांचा पट्टा सोडला. परगावचे गडी, ट्रकवाले, चोर, दरोडेखोर, ज्यांची नावं आठवली त्यांना सोडलं नाही. इज्जा वाकून काहीतरी बघत होती. म्हणाली, "रकूश, थांब. परक्याला कशाला शिव्या देतेस?"

दगड तिथेच होता. फेकलेला नव्हता. राशीच्या जागेपासून हातभर अंतरावर, सपाट जागा बघून, नीट ठेवलेला होता. जशी रास घरी न्यायला आलेली बाई ठेवते तसा. परक्या माणसानं तो लाथेनं उडवला असता, त्याला त्या दगडाचं काय? हा दगड ज्यानं उचलला त्याला तो काय आहे ते ठाऊक होतं. लहानपणापासून लागलेली सवय, चोरी करतानासुद्धा हात तसाच चालला. आमच्यातलंच कुणीतरी होतं.

कोण ते आजवर कळलं नाही. त्या संध्याकाळी मी घरी येऊन आमच्या कोठीतली पोती उघडून बघितली. बघताना लाज वाटली, पण बघितली. झोडपलेलंच फळ होतं, देठासकट. ह्याबद्दल मी देवाचे आभार मानले. काय दिवस आले, की घरातल्या फळाला हिरवा देठ दिसला म्हणून मी आभार मानले!

मग शुक्रवार आला. इज्जानं सकाळी ओसरीवरची कपडे वाळत घालायची लांब काठी काढली. मला वाटलं, कोंबड्यांमागे लागायची असेल. ती काठी खांद्यावर टाकून राईकडे निघाली. तिच्या जुन्या झाडावर वरच्या फांद्यांना उशिरानं पिकणारं फळ अजून होतं. ती खाली उभी राहिली. ओढणी कमरेला बांधली. आणि मारायला लागली.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "लल्ला इज्जा, काय हे?"

"उद्या कुणीतरी मारणारच आहे, रकूश. रास नेली, आता झाडावर येतील. ह्या झाडानं मला बिहीच्या मागे जगवलं. परक्याच्या हातचा मार खाण्यापेक्षा माझ्या हातचा खाऊ दे त्याला." एवढं बोलून तिनं माझा हात सोडवला. तिला झोडपता येत नव्हतं. कधी केलंच नव्हतं. काठी फांदीत अडकायची, काटे तिच्याच हाताला लागायचे. मनगटावरून रक्त ओघळत होतं.

त्यात तूदाची गाडी आली. शुक्रवार होता. भांडण झालं तरी शुक्रवार तिनं मोडला नव्हता, मटण आणून दाराशी ठेवून जायची. दार उघडं आणि घर रिकामं बघून ती राईत शोधायला आली असावी. तिनं इज्जाला बघितलं आणि हातातली पिशवी तिथेच टाकली. चांगले बूट, चांगला झगा, तशीच काट्यांतून धावत आली आणि काठीला लोंबकळली.

"नको इम्मी! तू नको! सगळ्यांनी केलं तरी तू नको!"

"का? बाटलीवर माझं तोंड आहे म्हणून?"

"नाही गं..." तिचं तोंड लहान मुलासारखं वेडंवाकडं झालं. मला तेव्हा समजलं. तिनं जे जे केलं ते एका भरवशावर केलं होतं, की आपण कसेही वागलो तरी इम्मी त्या झाडाखाली तशीच उभी असेल. कधीतरी परतावंसं वाटलं तर ती तिथे असेल. धंद्यात तिनं सगळं पणाला लावलं, पण हे लावलंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

इज्जानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. केसांतून बोटं फिरवताना बघायची तसंच. मग म्हणाली, "सोड, तूदा. माझीच झाडं आहेत."

तूदाचे हात सुटले.

इज्जानं उरलेलं सगळं झोडपलं. शेवटची फांदी होईपर्यंत थांबली नाही. मग काठीला टेकून खाली बसली, धापा टाकत. म्हणाली, "वेच. तुला कमी पडतंय ना?"

तूदा गुडघ्यांवर बसून वेचू लागली. फळ, पानं, कळे, सगळं दिसेल तसं गोळा करत होती आणि तोंडातून आवाज न काढता रडत होती. तिनं रास घातली. आणि मग, काय सांगू, तिचा हात आपोआप इकडेतिकडे फिरला. तोच चपटा दगड जवळ पडला होता. तिनं उचलला, फुंकर मारून माती उडवली, इज्जानं लहानपणी शिकवलं होतं तशी, आणि राशीवर ठेवला.

इज्जा उठली. तिनं तो दगड उचलला आणि खाली ठेवला.

"राहू दे," म्हणाली. "गाडी आहे ना तुझी? आत्ताच घेऊन जा."

पुढच्या साली त्या झाडाला फूल आलं नाही. राईत कुणाच्याच झाडाला धड आलं नाही. इज्जा ते बघायला नव्हती, ती हिवाळ्यातच गेली. शेवटच्या दिवसांत तूदानं तिला कारखान्यातच तयार झालेल्या तेलानं मालीश केली, दिवस दिवस पायाशी बसून राहिली, आणि इज्जाही तिच्या केसांवरून हात फिरवायची. राईबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटायचं, कुणीतरी एकीनं बोलावं. भांडावं तरी.

कारखाना चालू आहे. फळ आता दुरून येतं. बाटलीवर तोच फोटो आहे आणि खाली तेच लिहिलेलं आहे. तूदा दर शुक्रवारी येते, इज्जाच्या बंद घराच्या ओसरीवर थोडा वेळ बसते. मी चहा नेऊन देते.

आणि आमच्या राईत आता राशीवर कुणी दगड ठेवत नाही. रासच कुणी ठेवत नाही. फळ पोत्यात भरायचं, तोंड बांधायचं आणि डोक्यावर घेऊन तडक घरी यायचं. माझी नात परवा मला विचारत होती, "आजी, त्या झाडाखाली तो एकटाच चपटा दगड कशाला ठेवलाय?" मी म्हटलं, "तसाच आहे गं. बसायला."